हिशेब चोख, चावी कुणाकडे?

माझे आजोबा जकात नाक्यावर नाकेदार होते. आमच्या शहरातली जकात बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझ्याहून लहान मंडळींना समजावून सांगावं लागतं: शहरात येणारा प्रत्येक ट्रक वेशीवर थांबवायचा, कागद बघायचे, आतला माल बघायचा आणि त्यावर महापालिकेचा कर घ्यायचा. कागदावर पोती किती आणि ट्रकमध्ये किती, या फरकावर कुणाकुणाचे बंगले उभे राहिले, याच्या गोष्टी आजोबा रंगवून सांगतात. गोष्ट संपली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "अरे, हा नाका एखाद्या साहेबाच्या हातात दिला असता ना, तर एक पैसा इकडचा तिकडे झाला नसता."

हे वाक्य वेगवेगळ्या रूपात तुम्हीही ऐकलं असेल. इंग्रजांच्या काळात शिस्त होती. बाहेरची कंपनी आणा, म्हणजे भ्रष्टाचार थांबेल. आपल्या लोकांना जमत नाही. मी स्वतः बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे 'सिस्टीम नीट लावली की माणसं सुधारतात' यावर माझाही बराच विश्वास होता. मग दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीत मी चीनच्या कस्टम्स खात्याचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की आजोबांचा प्रयोग एका देशाने खरोखर करून पाहिला होता. छोटामोठा नाही. अख्ख्या चीनच्या बंदरांवरची जकात, जवळजवळ शंभर वर्षं, साहेबाच्या हातात होती.

जळालेला नाका

सुरुवात पहिल्या अफूयुद्धापासून. १८४२ च्या नानजिंगच्या तहाने चीनला पाच बंदरं परदेशी व्यापाराला उघडावी लागली, त्यातलं एक शांघाय. पुढच्या वर्षी जकातीचे दर ठरले, साधारण मालाच्या किमतीच्या ५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. दर तहात लिहिलेला होता. म्हणजे चीनला आपल्याच बंदरातली जकात स्वतःच्या मर्जीने वाढवता येणार नव्हती.

सप्टेंबर १८५३ मध्ये 'छोटी तलवार' नावाच्या बंडखोर संघटनेने शांघायचं तटबंदीतलं जुनं शहर ताब्यात घेतलं. नदीकाठचं कस्टम्सचं ऑफिस लुटलं गेलं. तिथला मुख्य अधिकारी वू ज्यानजांग पळाला. तिकडे नानजिंग आधीच ताइपिंग बंडखोरांच्या हातात गेलं होतं, त्यामुळे पेकिंगचा दरबार शांघायकडे लक्ष देण्याच्या स्थितीत नव्हता. बंदरात जहाजं येत होती, रेशीम आणि चहा जात होता आणि जकात घ्यायला कुणी नव्हतं.

व्यापाऱ्यांची चैन झाली असेल असं वाटतं. काही जणांची झालीही. पण ब्रिटिश कॉन्सल रदरफर्ड ऑलकॉकची अडचण वेगळी होती. नियम पाळणारा व्यापारी बुडत होता आणि तोडपाणी करणारा पुढे जात होता. शिवाय जकात देणं ही तहातली अट होती. तह हवा, तर जकातही हवी. जून १८५४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सच्या कॉन्सलांनी वूबरोबर करार केला: तिन्ही देशांचा एकेक माणूस निरीक्षक म्हणून बसेल, जकात ठरवेल आणि हिशेब ठेवेल. पैसे चीनचेच. वूने मान्य केलं, कारण काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं होतं.

त्या तिघांतला ब्रिटिश निरीक्षक होता टॉमस वेड. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या वेड-जाइल्स पद्धतीतला वेड तो हाच. आपण 'माओ त्से तुंग' लिहितो, त्यातला 'त्से तुंग' त्याच पद्धतीतून आला. वर्षभरात वेड गेला आणि त्याच्या जागी होरेशिओ नेल्सन ले आला.

ही व्यवस्था चालली, उत्पन्न वाढलं. १८५८ च्या त्यानजिनच्या तहानंतर ती सगळ्या खुल्या बंदरांना लावायचं ठरलं. एका शहरात आणीबाणीत केलेली तात्पुरती सोय देशाची कायमची व्यवस्था झाली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तात्पुरता म्हणून टाकलेला पॅच सहसा सगळ्यात जास्त जगतो.

दोन साहेब

ले पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला. माणूस हुशार आणि तितकाच उद्दाम. एशियाई दरबाराच्या हाताखाली एखाद्या सद्गृहस्थाने काम करायचं ही कल्पनाच त्याला हास्यास्पद वाटायची. ताइपिंगांशी लढायला चीनने त्याच्याकरवी ब्रिटनमध्ये आरमार तयार करून घेतलं. कॅप्टन शेरार्ड ऑसबर्न ती जहाजं घेऊन १८६३ मध्ये चीनला पोचला. तेव्हा कळलं, की लेने परस्पर ऑसबर्नशी करार केला आहे: ऑसबर्न फक्त बादशहाचे हुकूम मानेल आणि तेही लेमार्फत आले तरच. त्यातला कुठला हुकूम पुढे द्यायचा, हेही लेच ठरवणार. पैसा चीनचा, जहाजं चीनची आणि कमांड लेच्या हातात. दरबाराने नकार दिला. आरमार मोडलं, काही जहाजं इंग्लंडला परत गेली, काही विकण्यासाठी आपल्या मुंबईला आणली गेली. लेची नोकरी गेली.

त्याच्या जागी आला रॉबर्ट हार्ट, वय अठ्ठावीस. जवळपास माझंच वय, हे वाचून मी जरा गप्प झालो होतो. आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनचा, बेलफास्टला शिकलेला, १८५४ मध्ये दुभाष्याच्या हुद्द्यावर चीनला आलेला. लेच्या उलट हा चिनी उत्तम जाणायचा आणि दरबाराची रीत सांभाळायचा. जून १८६४ मध्ये त्याने खात्यातल्या सगळ्यांना एक परिपत्रक काढलं. त्याचा आशय असा: हे खातं चिनी आहे, परदेशी नाही. आपण चिनी सरकारचे पगारी नोकर आहोत. चिनी लोकांना आणि अधिकाऱ्यांना दुखावणारं वागणं चालणार नाही.

आजही एखाद्या कंपनीच्या ऑनबोर्डिंगमध्ये वाचून दाखवावं असं ते परिपत्रक आहे. हार्टने ते बऱ्यापैकी पाळलंही. १८८५ मध्ये ब्रिटनने त्याला पेकिंगमधला आपला राजदूत नेमलं, तर ते पद नाकारून तो कस्टम्समध्येच राहिला.

चालणारी सिस्टीम

आता आजोबांच्या बाजूने बोलू, कारण त्यांची बाजू कमजोर नाही.

कस्टम्सचं यश साहेबांच्या रक्तातल्या प्रामाणिकपणात नव्हतं, रचनेत होतं. पगार चांगला होता, बदल्या होत, हिशेब एकाच नमुन्यात ठेवावे लागत. पण खरी गंमत पुढे आहे. १९११ पर्यंत हार्टचे लोक जकात फक्त ठरवायचे आणि नोंदवायचे. व्यापारी पैसे भरायचा चिनी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या बँकेत. चिनी अधिकारी आपला हिशेब पेकिंगला पाठवायचा आणि हार्टचा कमिशनर आपला. एकाच व्यवहाराच्या दोन वेगळ्या वह्या. दोन्ही जुळल्या नाहीत तर पेकिंगला कळणार. बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये याला मेकर-चेकर म्हणतात. प्रांतातले अधिकारी नेमकं किती गोळा करतात, हे दरबाराला एरवी कधी धड कळत नसे. इथे पहिल्यांदा कळू लागलं.

१८६० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला साधारण ८० लाख ताएल जमा व्हायचे. (ताएल म्हणजे चांदीचं वजन, कस्टम्सच्या मापाने ३७-३८ ग्रॅम.) शतक संपताना हा आकडा सव्वादोन कोटींच्या पुढे गेला होता. या पैशातून फूजौला जहाजबांधणीचा कारखाना उभा राहिला, पेकिंगमध्ये परदेशी भाषा आणि विज्ञान शिकवणारी संस्था चालली.

आणि खातं जकातीवर थांबलं नाही. किनाऱ्यावर शंभराहून अधिक दीपस्तंभ आणि दिवे लावले. बंदरं मोजली, नकाशे काढले, व्यापाराची आकडेवारी वर्षानुवर्षं छापली. चीनची पहिली टपाल तिकिटं, ड्रॅगनचं चित्र असलेली, १८७८ मध्ये कस्टम्सनेच काढली. पुढे १८९६ मध्ये सरकारी टपाल खातं सुरू झालं, तेही हार्टच्याच हाताखाली. बंदरांवरच्या डॉक्टरांकडून आजारांचे अहवाल मागवून तेही छापले जात. त्यांच्यातलाच एक डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन. श्यामेन बंदरात काम करताना हत्तीरोगाच्या जंतांचा डासांशी असलेला संबंध त्याने शोधला आणि तो कस्टम्सच्याच अहवालात छापून आला. याच मॅन्सनच्या मार्गदर्शनाखाली रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत मलेरिया आणि डासांची साखळी जुळवली. जकातीचं खातं आणि मलेरिया यांचा संबंध मी आधी कधीच लावला नसता.

एवढं वाचून मी आजोबांना फोन करून "तुमचं बरोबर होतं" असं सांगायच्या बेतात होतो.

वहीत आपलीही नोंद आहे

मग आयातीच्या आकड्यांमध्ये एक ओळखीचा शब्द दिसला: माळवा.

माळव्याची अफू. शिंदे, होळकर आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात पिकायची, तिथून मुंबईला यायची, वाटेत इंग्रज सरकार तिच्यावर परवान्याचा कर घ्यायचं आणि मग ती जहाजाने चीनला जायची. दुसऱ्या अफूयुद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, 'व्यापाराच्या नियमां'त अफूला आयातीच्या मालाचा दर्जा मिळाला. दर साठेक किलोंमागे ३० ताएल जकात. जे विष थांबवायला चीन पहिल्या युद्धात उतरला होता, ते आता दरपत्रकातली एक ओळ झालं. १८८७ पासून चीनमधला अंतर्गत करही बंदरातच घेऊन एकूण ११० ताएल वसूल होऊ लागले. हार्टच्या खात्याने ते काम इतर सगळ्या कामांइतकंच चोख केलं.

मुंबईत जे. जे. रुग्णालयावरून किंवा पुण्यात ससूनवरून जाताना हे आठवतं. जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून या दोघांच्याही संपत्तीत चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. दान खरं आहे, रुग्णालयांनी वाचवलेली माणसंही खरी आहेत. पण आपल्या शहरांमधल्या त्या दगडांचा दुसरा हिशेब श्यामेन आणि शांघायच्या वह्यांमध्ये आहे. हार्टची वही खोटं बोलत नव्हती. काय आत येऊ द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्या वहीला नव्हता, आणि ज्याच्या नावाची वही होती त्या चीनलाही उरला नव्हता.

तारण

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या फौजा पेकिंगमध्ये घुसल्या, बादशहाचा उन्हाळी महाल जाळला आणि तहात प्रत्येकी ८० लाख ताएल भरपाई मागितली. वसुलीची तजवीजही तहातच होती: कस्टम्सच्या उत्पन्नातला पाचवा हिस्सा ब्रिटनला, पाचवा फ्रान्सला. म्हणजे नाक्यावर येणाऱ्या दर शंभर ताएलमधले चाळीस थेट विजेत्यांना. १८६६ पर्यंत ही रक्कम फिटली.

इथे मला पहिल्यांदा आजोबांच्या वाक्यातली फट दिसली. चोख हिशेब कुणाला हवा असतो? मालकाला हवा असतो, हे उघड आहे. पण सावकाराला तो त्याहून जास्त हवा असतो. गोंधळलेल्या वहीवर कुणी कर्ज देत नाही. हार्टने चीनचं उत्पन्न इतकं खात्रीचं करून ठेवलं, की ते तारण म्हणून जगभर चालू लागलं.

जपानविरुद्धचं १८९४-९५ चं युद्ध चीन हरला आणि २० कोटी ताएल भरपाई मान्य करावी लागली, वर लियाओदोंग द्वीपकल्प परत मिळवण्यासाठी आणखी ३ कोटी. एवढी रक्कम द्यायला कर्जं काढली: आधी फ्रान्स-रशियाकडून, मग १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटन-जर्मनीकडून. तारण कस्टम्स. त्यातल्या शेवटच्या कर्जात अट होती, की ते फिटेपर्यंत कस्टम्सची व्यवस्था आहे तशीच राहील. त्याच वर्षी चीनकडून आश्वासन घेतलं गेलं, की ब्रिटनचा व्यापार सर्वांत मोठा आहे तोवर इन्स्पेक्टर जनरल ब्रिटिशच असेल.

हे पुन्हा एकदा वाचा. नोकराला काढण्याचा अधिकार मालकाने सावकाराकडे गहाण ठेवला.

१९०० मध्ये बॉक्सर उठाव झाला. हार्टचं घर जळालं आणि पासष्टीचा हा माणूस बाकी परदेशी लोकांबरोबर वकिलातींच्या वेढ्यात अडकला. तो मेला असं समजून लंडनच्या टाइम्सने त्याचा मृत्युलेखही छापला. वेढ्यातून जिवंत सुटल्यावर त्याने जे लेख लिहिले, त्यांत बॉक्सरांच्या मागे खरी देशभक्तीची भावना आहे आणि ती पुन्हा उसळेल, असं बजावलं होतं. युरोपात अनेकांना ते रुचलं नाही. मग भरपाई ठरली: ४५ कोटी ताएल, ३९ वर्षांत, ४ टक्के व्याजाने, म्हणजे व्याज धरून ९८ कोटींच्या पुढे. तारण पुन्हा कस्टम्स, आणि आता बंदरांजवळची देशी जकातही हार्टच्या खात्याकडे आली.

हार्ट चीनची बाजू समजून लिहीत होता आणि त्याचंच खातं चीनकडून हप्ते वसूल करत होतं. त्याला यातली विसंगती दिसत नसेल असं नाही. त्याच्या डायरीच्या ७७ वह्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. पण वैयक्तिक सचोटी आणि संस्थेचं काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि पहिली दुसरीला वाचवू शकत नाही.

खात्याच्या आतली उतरंडही बघण्यासारखी. १८९५ च्या सुमारास सातशेच्या आसपास पाश्चात्त्य आणि साडेतीन हजार चिनी कर्मचारी होते. निर्णय घेणाऱ्या जागा पहिल्या गटाकडे. चिनी माणूस भाषांतर करणार, वह्या लिहिणार, माल मोजणार, आणि वर्षानुवर्षं वरच्या पायरीवर तरुण गोरा मुलगा येऊन बसताना बघणार. चिनी अधिकारी तयार करणारं कॉलेज निघालं १९०८ मध्ये, म्हणजे खातं सुरू झाल्यावर ५४ वर्षांनी. त्याच वर्षी हार्ट चीन सोडून गेला.

रीड ॲक्सेस, राइट ॲक्सेस

हार्ट सप्टेंबर १९११ मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात वूचांगला क्रांतीचा भडका उडाला आणि राजवट कोसळली. कर्ज देणारे देश घाबरले, हप्त्यांचं काय? नवा इन्स्पेक्टर जनरल फ्रान्सिस ॲग्लेनने मार्ग काढला. बंदराबंदरात जमणारी जकात चिनी अधिकाऱ्यांच्या बँकांऐवजी परदेशी बँकांमधल्या खात्यांत, कस्टम्सच्या ताब्यात जाऊ लागली. आधी हप्ते, मग उरलं तर चीनच्या सरकारला.

आमच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ साठ वर्षं ज्याच्याकडे फक्त हिशेब तपासायचा ॲक्सेस होता, त्याला एका रात्रीत पैसे हलवायचा ॲक्सेस मिळाला, आणि मेकर-चेकरची जी सोय या खात्याची खरी ताकद होती तीच गेली. कुणी चोरी केली नाही. सगळं पावतीसह झालं. पण आता चीनमधलं कुठलं सरकार खरं आणि कुणाला शिल्लक रक्कम मिळणार, हे बऱ्याच अंशी एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आणि परदेशी वकिलातींच्या हातात होतं. १९२३ मध्ये दक्षिणेत ग्वांगजौला सरकार चालवणाऱ्या सन यत-सेनने आपल्या बंदरातल्या शिलकीचा वाटा मागितला आणि कस्टम्स ताब्यात घ्यायची भाषा केली. उत्तर म्हणून परदेशी युद्धनौका नदीत येऊन उभ्या राहिल्या.

शेवटचा आकडा

माझ्या मते या गोष्टीचा खरा निकाल १९२९ मध्ये लागला. च्यांग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारने १९२८ पासून एकेका देशाशी करार करून जकातीचा दर ठरवायचा हक्क परत मिळवला. फेब्रुवारी १९२९ मध्ये नवं दरपत्रक लागू झालं, १९३० मध्ये जपाननेही मान्यता दिली. इन्स्पेक्टर जनरल अजून ब्रिटिशच होता, फ्रेडरिक मेझ. मात्र परदेशी लोकांची नवी भरती थांबली. खातं तेच, वह्या त्याच, बरीचशी माणसंही तीच. बदललं एवढंच, की दर चीन ठरवणार. उत्पन्न झपाट्याने वाढलं आणि लवकरच केंद्र सरकारच्या मिळकतीचा निम्म्याहून जास्त भाग कस्टम्समधून येऊ लागला.

म्हणजे पाऊणशे वर्षं चीनचं मोठं नुकसान नाक्यावरच्या चोरीने होत नव्हतंच. ते होत होतं त्या ५ टक्क्यांनी, जे अतिशय प्रामाणिकपणे गोळा केले जात होते. आपल्याकडेही याची बहीण शोभेल अशी गोष्ट आहे. १८९६ मध्ये लँकेशायरच्या सोयीसाठी हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची हाक उठली. तो करही कारकुनांनी व्यवस्थितच वसूल केला असणार.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट आले. शेवटचा परदेशी इन्स्पेक्टर जनरल, अमेरिकन लेस्टर नॉक्स लिटल, तैवानला गेला आणि पुढच्या वर्षी पायउतार झाला. शांघायच्या नदीकाठावर १९२७ मध्ये बांधलेली कस्टम्सची इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा अजून आहे. थोडं पुढे चालत गेलं की ससूनांनी बांधलेलं हॉटेल लागतं. हार्टचा पुतळाही तिथेच होता. तो युद्धाच्या काळात जपान्यांनी हलवला.

मागच्या दिवाळीत आजोबांना मी हे सगळं सांगितलं. मध्येमध्ये ते डोळे मिटत होते, मला वाटलं झोप लागली. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे तुझा तो हार्ट पैसे खात नव्हता."

"नाही आजोबा, अजिबात नाही."

"आणि तरी नाका त्यांचा नव्हता."

"नव्हता."

थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "मग आमच्या नाक्यावर आम्ही खायचे ते बरोबर होतं का?"

नव्हतंच. हार्टची गोष्ट आपल्या लाचखोरीला माफी देत नाही. मला एवढंच कळलं आहे, की चोर पकडायला बाहेरचा माणूस आणण्याआधी करारात बघावं, त्याला काढायचा अधिकार कुणाकडे राहतो आणि दर कोण ठरवतं. मी हे बोललो, तेव्हा आजोबा हसले. म्हणाले, "आमच्या वेळी ट्रकवाल्यांनाही हे कळत होतं रे. ते पावती नंतर बघायचे. आधी विचारायचे, आज नाक्यावर कोण आहे आणि त्याला पाठवलं कुणी."